ब्रेकला लावलेलं तेल

२४ एप्रिल १९९४, रविवार

आज जे झालं ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही, म्हणून इथं लिहितो.

आमच्या मोनाचे सासरे पिराजीराव इचलकरंजीहून कोल्हापूरला आमच्याकडं आले होते. फेब्रुवारीत तिचं लग्न झालं, त्यानंतर ते पहिल्यांदाच एकटे आले. त्यांना स्टँडवरून आणायला मी मुद्दाम फियाट काढली. गाडी जुनी आहे, बिद्रीच्या साखर कारखान्यातल्या मित्राकडून घेतलेली. पण रंग मी स्वतः खरवडून हातानं दिलाय. शाळेत चित्रकला शिकवतो, तेवढं तर यायलाच हवं. लांबून गाडी नवी दिसते.

मंगळवार पेठेत वळलो आणि समोर कलिंगडाचा गाडा आला. ब्रेक दाबला तर पाय चिखलात गेल्यासारखा तळाला गेला. गाडी सावकाश जाऊन गाड्याला टेकली. माणसाला काही लागलं नाही, पण कलिंगडं घरंगळली आणि काही फुटली. गाडेवाला जे बोलायचं ते बोलला. पिराजीराव खाली उतरले, धोतराचा सोगा सावरत गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "पावणं, ब्रेक न्हाय हो गाडीला."

त्यांचं सगळं आयुष्य यंत्रमागांच्या खडखडाटात गेलं. कानाला कमी येतं, त्यामुळं समोरच्यालाही कमी येत असणार अशा बेतानं ते बोलतात. आमच्या गाडीला ब्रेक नाही हे अख्ख्या पेठेला कळलं.

आम्ही मुलीकडचे. जेवताना ते एक अक्षर बोलले नाहीत. अर्धी भाकरी खाऊन हात धुतला. रागावले असणार. माझी बायको चिमणा म्हणते, त्यांची मंडळी वारल्यापासून ते तसेच आहेत, आणि आता मागाचा कारभारही मुलानं हातात घेतलाय. असेल. पण मला ते कलिंगडच दिसतंय.

२ मे, सोमवार

शाळेला सुट्टी लागली. ज्ञानू मिस्त्रीकडे गेलो तर लग्नसराईच्या जीपा त्याच्या दारात रांगेनं उभ्या. महिनाअखेरीला या म्हणाला. मी विचारलं, ब्रेकमध्ये असतं तरी काय? त्यानं काम करता करता सांगितलं. चाकाच्या आत ड्रम असतो, पालथ्या घातलेल्या पातेल्यासारखा. त्याच्या पोटात दोन शू, समोरासमोर ठेवलेल्या चंद्रकोरींसारखे. पेडल दाबलं की शू फाकतात, ड्रमला आतून घासतात आणि चाक थांबतं. शू झिजले की पाय तळाला जातो. मग ते ड्रमच्या जवळ घ्यायचे.

एवढंच असेल तर ज्ञानूची वाट कशाला बघायची? चंद्रकोरी मी जन्मभर काढतोय.

४ मे, बुधवार

मागचं डावं चाक काढलं. ड्रम काही निघेना. हातोड्यानं ठोकला, लाकडाची फळी लावून ठोकला, रॉकेल ओतून ठोकला. गल्लीतले सगळे जण येऊन आपापला सल्ला देऊन गेले.

तेवढ्यात पिराजीराव दारात. कोल्हापुरात काम होतं म्हणून वाट वाकडी केली म्हणाले. मी काळ्या हातांनी कसाबसा नमस्कार केला आणि त्यांना आत बसायला सांगितलं. त्यांना ऐकू आलं नाही, की आलं कोण जाणे. टोपी काढून गाडीच्या टपावर ठेवली, माझ्या हातातला हातोडा घेतला आणि ठोकायला बसले. व्याह्याला माझ्या दारात असं बसलेलं बघून मला घाम फुटला. पण हातोडा हिसकावून घेणार कसा?

आम्ही आळीपाळीनं ठोकत राहिलो. मग चिमणा तिची विसरलेली पिशवी काढायला गाडीत वाकली आणि तिथूनच विचारलं, हा दांडा असा वर ओढलेला असतो का. हँडब्रेक. तो ओढलेला असला की शू आतून ड्रमला धरून ठेवतात, हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. तिनं तो खाली केला आणि ड्रम लगेच निघून फरशीवर आदळला. तो आवाज पिराजीरावांनाही ऐकू आला.

दुपारी जेवायला थांबले. दोन भाकरी खाल्ल्या. हातोडा चालवून भूक लागली असणार.

७ मे, शनिवार

पुन्हा आले. पुन्हा कोल्हापुरात काम होतं. कसलं काम ते सांगत नाहीत. मला वाटतं, सूनबाई कुठल्या घरातली हे नीट पारखून घेत असावेत. चिमणाला सांगितलंय की पुढची खोली जरा आवरलेली ठेव.

मी डाव्या चाकाच्या ब्रेकचं चित्र काढून ठेवलं होतं. कुठली स्प्रिंग कुठल्या भोकात, कुठला शू पुढं, सगळं छायाप्रकाशासह. चित्र एवढं सुरेख झालं की त्याच्या भरवशावर मी उजवं चाकही उघडून टाकलं. शू काढताना स्प्रिंग सुटली आणि अंगठा सोलून गेली. पिराजीरावांनी खिशातला रुमाल फाडून पट्टी बांधली. गाठ अशी मारली की संध्याकाळी सोडताना कात्री लागली.

डाव्या बाजूचे शू जवळ घेऊन बसवले. उजवी बाजू मात्र चित्रासारखी जुळेना. स्प्रिंग अपुरी पडते, दांडी उलट्या बाजूला येते. दुसरं चाक बघावं तर तेही आता झाकलेलं. दुपार सरली. मी म्हटलं, कुठला तरी भाग चुकीचा असणार. पिराजीरावांनी चित्राचा कागद घेतला, उन्हाकडं धरला आणि पाठीमागून बघितला. मग माझ्यासमोर तसाच धरला. कागदातून दिसत होतं ते उजवं चाक होतं. डाव्याचं उलटं, दोन हातांसारखं.

मी सातवीला दरवर्षी आरशातली आकृती शिकवतो. त्यांना विचारलं, कसं सुचलं? म्हणाले, कापड घ्यायचं झालं तर ते दोन्हीकडनं बघायची सवय हाय.

यापुढं एका वेळी एकच बाजू उघडायची. दुसरी नमुन्याला ठेवायची.

११ मे, बुधवार

लिहिताना अजून हसू येतंय.

आज पुढची दोन्ही चाकं झाली. एकेक करून. पिराजीराव सकाळच्या गाडीनंच आले. या वेळी त्यांनी कामाचं नावही काढलं नाही. पिशवीत मागाला घालायच्या तेलाची चोचीची डबी होती. शू ड्रमला घासतात हे त्यांना पहिल्या दिवसापासून सहन होत नव्हतं. म्हणाले, "घासतंय म्हंजे तेल न्हाय. सगळी ब्रेक ऑइल, ब्रेक ऑइल म्हणत्यात. आन् हितं बघावं तर आत थेंब न्हाय."

मला शंका आली. घासण्यासाठीच तर ते शू आहेत. शब्द जिभेवर आला होता. पण व्याही. आपली मुलगी त्यांच्या घरात. त्यांना चुकलं म्हणून सांगायचं कसं? मी म्हटलं, तुम्ही म्हणाल तसं. त्यांनी आजवरचं सगळं उघडायला लावलं आणि चारी चाकांत, प्रत्येक शूवर, निगुतीनं तेल सोडलं. देवाच्या मूर्तीला लावावं तसं बोटानं पसरलं.

गाडी फिरवायला काढली. पेडल छान टणक लागत होतं, पाय तळाला जात नव्हता. गल्लीच्या उतारावर मी ब्रेक दाबला. पेडल अडलं, पण गाडी चालतच राहिली. हँडब्रेक ओढला. तोही टणक, आणि गाडी तशीच पुढं. पिराजीराव मोठ्यानं सांगत होते, दाबा की. मी दाबतच होतो. उताराच्या टोकाला एका नव्या बांधकामाची वाळू पडली होती. चाक तिकडं वळवलं. गाडी वाळूच्या ढिगावर चढली, थांबली, आणि वरची वाळू खिडकीतून आत आली.

मी डोळे मिटून बसलो. आता मोनाचं काय होणार, एवढंच मनात. शेजारून विचित्र आवाज आला म्हणून बघितलं. पिराजीरावांच्या मिशीत वाळू, टोपीत वाळू, आणि ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, पोट धरून. लग्नात, जेवताना, कधीही मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. मग मलाही आवरेना. लोक जमले, आम्हाला ओढून काढायला लागले, आणि आम्ही दोघं आत बसून हसतोय.

१३ मे, शुक्रवार

जावई येऊन गेले.

कुणीतरी इचलकरंजीत बातमी पोचवली. राजवर्धन मोटारसायकलवर आले, पाणीसुद्धा घेतलं नाही. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. "मामा, आबांच्या वयाचं तरी बघा. गावात त्यांच्यासमोर कुणी मान वर करून बोलत न्हाय. आन् तुमच्या दारात ते काळं हात करून गाडीखाली बसत्यात. काय झालं असतं तर?"

खरंच होतं. मुलीच्या बापानं व्याह्याला कामाला लावलं असं लोक म्हणणार. मी हात जोडले. यापुढं होणार नाही म्हणालो.

गाडी गल्लीतल्यांनी ढकलत दारात आणून सोडली आहे. विटांवर चढवली, चाकं काढून ठेवली. मला तिच्याकडं बघवत नाही.

२० मे, शुक्रवार

सात-आठ दिवसांत काही लिहिण्यासारखं घडलं नाही. ज्ञानू रस्त्यात भेटला. तेल लावल्याचं ऐकून तो भिंतीला टेकून हसला. तेल प्यायलेले शू पुसून उपयोग नाही, वरचं लायनर, म्हणजे ड्रमला घासणारं अस्तर, नवं लावावं लागेल म्हणाला. आता त्याला सवड आहे, गाडी आणून सोडा म्हणतो. सोडावी. माझा हौसेचा कंड जिरला.

शेजारच्या झुंबरबाईंकडं मोनाचा फोन आला. मी धावत गेलो, गाडी आता ज्ञानूकडं सोडतोय म्हणून सांगितलं. म्हणाली, बाबा, गाडी ज्ञानूला देऊ नका. मी विचारलं, का? तर नीट उत्तर देईना. मग म्हणाली, आबा तुमच्याकडनं आले की दोन भाकऱ्या खायचे, चाकाचं सगळं सांगत बसायचे. आता पुन्हा अर्धी भाकरी. दिवसभर पुढच्या सोप्यात बसून असतात.

घरी येऊन विचार करतोय. आमच्याकडच्या जेवणानं त्यांचं पोट बिघडलं की काय? चिमणा तिखट जरा जास्तच घालते.

२२ मे, रविवार

पोटाची शंका चिमणाला बोलून दाखवली. ती पोळपाट बाजूला सारून माझ्याकडं बघतच राहिली.

"अवो, त्यास्नी करमत न्हाय. तिखट कशाला मधी आणताय? उद्या जावा आन् घेऊन या."

मी म्हटलं, जावयाला शब्द दिलाय. आणि कुठल्या तोंडानं बोलावू? ती म्हणाली, काम हाय म्हणून सांगा. काम तर हायच की.

२३ मे, सोमवार

एक ड्रम आणि एका चाकाचे दोन्ही शू पोत्यात बांधून एस.टी.नं इचलकरंजीला गेलो. का नेले ते मलाही सांगता येत नव्हतं, पण मोकळ्या हातानं जायला धीर होईना. कंडक्टरनं पोत्याला पाय लावून बघितला आणि विचारलं, घंटा हाय का काय?

त्यांच्या घराला लागूनच मागाचा शेड आहे. आवाजानं भिंतीसुद्धा हलतात. पिराजीराव सोप्यात बसले होते. स्वच्छ धोतर, स्वच्छ हात. मला बघून उठले, पण पोत्याकडं बघितलं आणि परत बसले. राजवर्धन आतून आले. मोना दारात उभी राहिली. मी वाटभर गोड वाक्यं जुळवत आलो होतो, तब्येतीचं, हवापाण्याचं. त्यातलं एकही आठवेना. मी पोतं सोडलं, शू त्यांच्यासमोर ठेवला आणि शेडच्या आवाजावर आवाज काढून बोललो.

"पावणं, ब्रेकला तेल लावायचं नसतं. तुमचं चुकलं. मला तवाच कळलं हुतं आन् मी बोललो न्हाय, ते माझं चुकलं. आता चारी चाकं खराब झाल्यात. निस्तरायला तुमी पायजे."

बोलून झाल्यावर माझेच कान तापले. जावयांकडं बघायची हिंमत नव्हती. पिराजीरावांनी शू उचलला, बोटानं चोळून बघितला, नाकाला लावला.

"मग तवाच बोलायचं की," ते म्हणाले. "मी काय तुमचा सायेब हाय?"

आणि चपला शोधायला लागले. मोना आत पळाली आणि त्यांची पिशवी घेऊनच आली. ती इतक्या लवकर कशी भरली कोण जाणे. राजवर्धननी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, वडिलांच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि मिटलं. मग मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाले की मामा, त्या उतारावर नका जाऊ.

येताना एस.टी.त पोतं पिराजीरावांनी मांडीवर घेतलं. मला देईनात.

२८ मे, शनिवार

लायनर नवी बसवून आणली. सगळं साबणानं, मग पेट्रोलनं धुतलं. हात धुतल्याशिवाय शूला बोट लावायचं नाही असा पिराजीरावांनी नियम केलाय. मला दोनदा माघारी पाठवलं.

उघडल्यावर दिसलं की पाइपातलं ब्रेक ऑइल अडवणारं, एका चाकातलं रबर पाझरत होतं. चारी चाकांची बदलली. त्यामुळं पाइपात हवा शिरली आणि ती काढायचं काम आलं. एकानं आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकापाशी एक बारका स्क्रू सोडायचा. तिथनं बुडबुडे आणि ब्रेक ऑइल बाहेर येतं. स्क्रू आवळल्यावरच पेडल सोडायचं, नाहीतर हवा पुन्हा आत. पिराजीराव पेडलवर, मी खाली.

मी ओरडायचो, धरा. त्यांना ऐकू यायचं, सोडा. मी सोडा म्हटलं की ते विचारायचे, काय? सकाळभर जेवढी हवा काढली तेवढीच आत घेतली. गल्लीतली माणसं आता 'दाबा, धरा' करायला लागली होती, आणि शेजारचे काका तर दुसऱ्या मजल्यावरून हुकूम सोडत होते. शेवटी पिराजीरावांनी खिशातून सुताचा दोरा काढला. एक टोक आपल्या मनगटाला, दुसरं माझ्या. एक हिसका म्हणजे दाबा, दोन म्हणजे सोडा. त्यानंतर आम्ही अवाक्षर न बोलता चारी चाकं पूर्ण केली. चिमणा चहा घेऊन आली तर आम्ही दोघं दोऱ्यानं बांधलेले. तिनं कप ठेवले आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

एक वाईट झालं. ब्रेक ऑइल मडगार्डवर सांडलं आणि माझ्या रंगाला फोड आले. तिथला रंग साय निघावी तसा निघाला. हे कुणी सांगितलं नव्हतं. मी हळहळलो. पिराजीराव म्हणाले, रंगानं गाडी थांबत न्हाय.

१ जून, बुधवार

मोकळ्या मैदानात गाडी फिरवली. थांबते. डावीकडं थोडी ओढत होती, एक शू जरा लांब राहिला होता. जवळ घेतला. आता सरळ थांबते. दोघांनी आळीपाळीनं थांबवून बघितली. पुन्हा पुन्हा. एक म्हातारी म्हशी राखत बसली होती, तिनं शेवटी विचारलं, पावणं, जायाचं न्हाय तर चालू कशाला करताय?

५ जून, रविवार

आज सगळे पन्हाळ्याला गेलो. मोना आणि राजवर्धन सकाळीच आले होते. जावई गाडीत बसताना चाकांकडं बघत होते. पिराजीराव पुढं माझ्या शेजारी, बाकीची तिघं मागं. चढताना काळजी नव्हती, चढाला कुणाला ब्रेक लागतो? वर झुणका-भाकर खाल्ली, दही खाल्लं. पिराजीराव मोनाला गडावरचं काहीबाही दाखवत होते, आणि आवाज असा की आसपासची माणसंही ऐकत मागं मागं चालली होती.

मग उतरायला लागलो. मी गिअर खालचा ठेवला. पिराजीरावांचा हात हँडब्रेकवर. एक वळण, दुसरं वळण. तिसऱ्या वळणावर रस्ताभर म्हशी.

मी ब्रेक दाबला. गाडी थांबली. ना सरकली, ना ओढली. पुढच्या म्हशीनं बॉनेटला नाक लावून वास घेतला आणि आपल्या चालीनं निघून गेली. तिच्यामागनं बाकीच्या गेल्या.

मग राजवर्धन पुढं वाकले, वडिलांच्या कानाशी तोंड नेलं आणि मोठ्यानं म्हणाले, "आबा, झ्याक थांबली."

पिराजीरावांनी मान हलवली आणि खिडकीतून बाहेर बघत राहिले. म्हशी केव्हाच गेल्या होत्या. मलाही गिअर टाकायचं सुचलं नाही. मोनानं मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला, कशासाठी ते कळलं नाही, पण बरं वाटलं.

घरी आल्यावर चहा झाला. मुलं मोटारसायकलवर पुढं गेली. पिराजीराव एस.टी.नं जाणार होते. चपला घातल्या, पुन्हा काढल्या, पाणी मागितलं. गाडीभोवती फेरी मारली. म्हणाले, झाली म्हणायची आता गाडी. मी व्हय म्हटलं. मग दोघंही तिथंच उभे राहिलो.

मला काय झालं कुणास ठाऊक. मी म्हटलं, घाट चढताना क्लच जरा सरकल्यागत वाटला.

"मला बी वाटलंच हुतं," ते लगेच म्हणाले. "बुधवारी येतो. तवर उघडू नका."

आणि ताडताड स्टँडच्या दिशेनं गेले.

क्लचला काहीही झालेलं नाही. मी असं का बोललो ते माझं मलाच उमगत नाही. पण बोलून बसलोय खरा. उद्या सकाळी ज्ञानूकडं जाऊन क्लच म्हणजे नेमकं काय असतं ते विचारून घ्यायला हवं.